आईंना बेसाच्या केअर होममध्ये ठेवण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ७८ वर्षांच्या, पक्षाघातानंतर उजवी बाजू गेलेली, गिळायला त्रास, रक्त पातळ करणारी गोळी सुरू. तुम्ही पुण्यात, आणि नागपूरच्या बेसा भागात एका बंगल्यात चालणारं १२ खाटांचं केअर होम तुम्हाला पसंत पडलंय. स्वच्छ आहे, कॅमेरे आहेत, मालक नीट बोलतात, अजून काय बघू, असं विचारलंय. माझे बाबा नागपुरातच अशा दोन ठिकाणी मिळून साडेतीन वर्षं होते. पहिल्यातून मी त्यांना काढलं, दुसऱ्यात ते शेवटपर्यंत राहिले. म्हणून जरा लांब लिहिते.

मालकांना आधी एवढंच विचारा: गेल्या सहा महिन्यांत इथं कोण कोण पडलं? ‘आमच्याकडे आजवर कुणीच पडलं नाही’ असं उत्तर आलं तर तिथून उठा. १२ म्हातारी माणसं, त्यातली कितीतरी रात्री दोन-तीनदा लघवीला उठणारी, आणि कुणीच पडत नाही, हे होत नाही जी. एकतर त्यांना कळत नाही किंवा ते सांगत नाहीत. दुसऱ्या होमच्या सिस्टरनी पहिल्याच भेटीत मला वही काढून दाखवली होती. कोण पडलं, किती वाजता, पायात चप्पल होती का, घरी फोन केव्हा केला, सगळं लिहिलेलं. त्या वहीवर विश्वास ठेवून मी बाबांना तिथं नेलं.

पहिल्या ठिकाणी काय झालं ते सांगते. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. बाबांची दाढी केलेली, केस विंचरलेले, अंगावर धुतलेली चादर. दिवाळीला गेले आणि पायजमा बदलताना माकडहाडावर रुपयाएवढी जखम दिसली, आत खोल गेलेली. ‘थोडं लाल झालं होतं, तुम्हाला कशाला टेन्शन द्यायचं’ असं उत्तर मिळालं. भरून यायला चार महिने लागले. ते लाल झालं त्या दिवशी सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं. बेडसोरची सुरुवात अशीच असते: बोटानं दाबलं तरी लाली जात नाही. तेव्हाच त्या जागेवरचा भार काढायचा असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. एअर बेड आहे म्हणून सुटका नाही. लाईन गेली की पंप बंद पडतो, हवा उतरते आणि पेशंट तासाभरात फळीवर झोपल्यासारखा होतो. इन्व्हर्टरवर एअर बेड चालतो का, हे विचारा. तुम्ही भेटीला जाल तेव्हा टाचा आणि माकडहाड स्वतः उघडून बघा. लाजू नका, त्यांनाही सांगून ठेवा की मी बघणार.

दुसरी गोष्ट रात्रीची. दिवसा तुम्हाला चार मावश्या दिसतील. रात्री नऊनंतर न कळवता जा. एकच मावशी दिवसभर राबून तिथंच आडवी होत असेल, तर रात्री आईंची कूस कोण बदलणार? मालकांना नाही, मावशीला विचारा: किती महिने झाले इथं, पगार वेळेवर होतो का, सुट्टी मिळते का. वर्षात तीनदा माणसं बदलणाऱ्या घरात तुमच्या आईंना घास कसा भरवायचा हे कुणालाच ठाऊक नसतं.

आणि घास भरवणं हीच आईंच्या बाबतीत सगळ्यात नाजूक बाब आहे. गिळायला त्रास असेल तर पातळ पदार्थ जास्त घातक: पाणी, चहा, ताक, पातळ वरण. ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो, आणि दर वेळी ठसका लागतोच असं नाही. जेवणानंतर आवाज ओला, घोगरा झाला किंवा मध्येच ताप यायला लागला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. ताठ बसवून, लहान चमच्यानं, चांगल्या बाजूनं भरवायचं. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. अन्न किती घट्ट हवं ते स्पीच थेरपिस्टकडून (गिळणंही तेच तपासतात) लिहून घ्या आणि तो कागद स्वयंपाकघरात लावायला सांगा. एकदा जेवणाच्या वेळेला तिथं बसा. एक मावशी चार जणांना झपाझप भरवत असेल तर तुम्हाला दिसेलच. दर महिन्याला वजन लिहितात का? महिन्यात ५ टक्के घट, म्हणजे ५० किलोच्या बाईचं अडीच किलो, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

गोळ्यांचं थोडक्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर वरून ठीक दिसलं तरी दवाखान्यात न्यायचंच, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. १०८ ला कोण फोन करणार, सोबत कोण जाणार, तेही. झोपेची किंवा ‘शांत ठेवायची’ गोळी कुणी, का लिहिली हे चिठ्ठीसकट मागा; त्या गोळ्यांनी माणसं जास्त पडतात.

आपल्या नागपूरचा उन्हाळा विसरू नका. पारा ४५ वर असताना म्हाताऱ्यांना तहान लागत नाही आणि गिळायला त्रास असणाऱ्यांना पाणी देण्याचा सगळ्यांना कंटाळा येतो. दिवसभरात किती पाणी पोटात गेलं याची नोंद मागा; लघवी गडद, जीभ कोरडी म्हणजे कमी पडतंय. कूलर खोलीच्या खिडकीत असेल तर अर्थिंग तपासलंय का ते बघा, लोखंडी कूलरला पाणी भरताना शॉक लागून दरवर्षी माणसं जातात. खिडक्यांना ग्रिल, दाराला कुलूप असेल तर रात्री किल्ली कुणाकडे असते? आग लागली तर १२ जणांना बाहेर कसं काढणार, हे मालकांना जागेवर दाखवायला लावा.

पैसे दर महिन्याला पावतीनंच द्या. पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, ती वाईट निघाली तर ग्राहक आयोगात जाता येतं. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते, तो नंबर आईंच्या उशाशी लिहून ठेवा.

हलवायचंच असेल तर होळीच्या आत हलवा, नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेपर्यंत त्यांची आणि मावश्यांची ओळख होऊ द्या. मी मानेवाड्याला राहते, बेसा मला दहा मिनिटांवर. तुम्ही आलात की रात्री सोबत येते.