निघण्याआधी वाईट बातमीचं ठरवून ठेव

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची स्टाफ नर्स आहे, नागपुरात नंदनवनला राहते. एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत सहा वर्षं काम केलंय. स्वयंसेवक म्हणून दोन वर्षांसाठी मलावीला जायला माझी निवड झाली आहे, जानेवारीत निघायचं आहे. संस्थेने नऊ पानांची यादी पाठवली आहे, टॉर्चपासून मच्छरदाणीपर्यंत सगळं तिच्यात आहे. माझी अडचण तेवढी तिच्यात नाही. बाबा जाऊन चार वर्षं झाली. घरी आई आणि कॉलेजात जाणारा भाऊ. आईला शुगर आहे. ती सगळ्यांना अभिमानाने सांगते, 'माझी पोरगी आफ्रिकेत सेवेला चालली', आणि रात्री दोन वाजता उठून हॉलमध्ये बसलेली असते. विचारलं तर म्हणते, 'झोप नाही येऊन राहिली, बस.' जावं की नाही, हे मी विचारत नाही. जायचं ठरलंय. तयारी कशी करू, ते सांगा.

उत्तर : तुझ्या आईचं ते 'बस' माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. माझी आईही तिथेच बोलणं संपवायची.

मी ऑक्टोबर २०१७ ते ऑक्टोबर २०१९ मलावीत होते. दक्षिणेकडे, झोंबाच्या बाजूला, एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. आई तेव्हा ७४ वर्षांची, नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात एकटी. भाऊ पुण्याला. मी सामान फार मन लावून भरलं होतं, बॅग काट्यावर बरोबर २२ किलो ८०० ग्रॅम भरली तेव्हा मला कोण आनंद झाला होता. घर मात्र होतं तसंच टाकून गेले. गॅसचं बुकिंग माझ्या मोबाइल नंबरवर, लाइट बिल माझ्या नंबरवर, आईच्या पेन्शनच्या खात्याचा ओटीपीसुद्धा माझ्याच नंबरवर. तिथे पोहोचल्यावर मी तिथलं सिम घेतलं आणि नागपूरचं सिम पाकिटात घालून ठेवलं. ९० दिवस वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. फेब्रुवारीत तो बंद झाला. मग आईचा सिलिंडर संपला आणि बुकिंग होईना. ११ दिवस तिने इलेक्ट्रिक शेगडीवर वरणभात शिजवला. चहा शेजारच्या काकूंकडून यायचा.

त्या ११ दिवसांत आम्ही तीनदा फोनवर बोललो. तिने शब्द काढला नाही. मला कळलं ते एप्रिलमध्ये, काकूंच्या बोलण्यातून, सहज. मी आईला विचारलं, तू सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, 'तू तिथून काय करणार होतीस? उगाच जिवाला घोर.'

सिलिंडर काय, नंतर आला. पण त्या दिवसापासून तिच्या 'सगळं ठीक आहे'वर माझा विश्वास उरला नाही. फोन ठेवला की मी तिचा खोकला आठवत बसायचे, बोलता बोलता ती कुठे थांबली ते आठवत बसायचे. समोर मलेरिया तपासायच्या काचांची रांग लागलेली आणि लक्ष महालात. लांब गेलेल्या माणसाला दुःखाच्या बातमीपेक्षा हा अविश्वास जास्त पोखरतो. म्हणून सामानाला हात लावायच्या आधी तू, आई आणि भाऊ एकत्र बसा आणि वाईट बातमीचं ठरवा. अगदी वहीत लिहून काढा. शुगर कितीच्या वर किंवा खाली गेली की तुला कळवायचं. आई पडली, अ‍ॅडमिट करावं लागलं, घरात पैशाची ओढाताण झाली, भावाचा विषय राहिला, तर कळवायचं. आणि हे आईने नाही, भावाने सांगायचं, त्याच दिवशी. आईवर ती जबाबदारी टाकलीस तर ती तुला सांभाळून घेईल, ते तिच्या हाडात आहे. भावालाही भीती वाटेल की ताईला सांगितलं तर ती सगळं सोडून परत येईल. त्याला आधीच शब्द दे की प्रत्येक बातमीला तू तिकीट काढणार नाहीस.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. जिल्ह्याच्या रुग्णालयातून राजधानी लिलाँग्वे, तिथून इथिओपियातलं अदिस अबाबा, मग मुंबई आणि नागपूर, असा प्रवास आहे. मनात आणलंस तरी दोन दिवस जातात. आईचं काही बरंवाईट झालं तर तू शेवटचं बघायला पोहोचशीलच असं नाही. अशा वेळी अंत्यविधीसाठी तुझी वाट पाहायची की नाही, हे आईच्याच तोंडून ऐकून घे. मला माझ्या आईशी हे बोलायला निघायच्या आधी धीर झाला नाही. सिलिंडरच्या प्रकारानंतर फोनवर बोलले. ती शांतपणे म्हणाली, 'मला ठेवू नका तुझ्यासाठी. तेराव्याला ये.' त्या रात्री मी खूप रडले आणि मग कित्येक महिन्यांनी गाढ झोपले. अचानक परतावं लागलं तर तिकीट कोण काढणार, कोणत्या नातेवाइकांसाठी काढणार, आणि पुन्हा रुजू होता येतं का, हे संस्थेकडून लेखी घे.

१९३८ साली भारतातून पाच डॉक्टर युद्धातल्या जखमींच्या सेवेला चीनला गेले, त्यातले डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. ते चीनमध्ये असतानाच त्यांचे वडील गेले. बातमी मिळूनही ते परतले नाहीत, आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. आपण त्यांचा गौरव करतो, करायलाच हवा. पण मलावीहून आल्यापासून मला त्यांच्याइतकंच सोलापूरच्या त्या घरातल्या माणसांबद्दल वाटतं. त्यांनीही काही दिलंच होतं.

ठरवणं दुसऱ्या बाजूनेही लागतं. मार्च २०१९ मध्ये इडाई वादळाच्या पावसाने दक्षिण मलावीत पूर आले. आमच्याकडे वीज गेली, तीन दिवस फोन लागेना. आईने टीव्हीवर मोझांबिकचं नाव ऐकलं, माझा शाळेतला जुना नकाशा काढला, आणि मलावी अगदी खेटून आहे हे पाहिलं. त्या तीन दिवसांत ती जेवली नाही. किती दिवस फोन आला नाही म्हणजे काळजी करायची आणि मग संस्थेतल्या कोणाला विचारायचं, हा नंबर फ्रिजवर चिकटवून जा. तिथली घड्याळं आपल्या साडेतीन तास मागे असतात. तुझे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे नंदनवनचे रात्रीचे नऊ, ती वेळ चांगली.

आयसीयूतल्या नर्सला तब्येतीचं मी काय सांगणार, पण प्रयोगशाळेतल्या बाईला जे दिसलं ते सांगते. जानेवारी म्हणजे तिथला ऐन पावसाळा, मलेरियाचे दिवस. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच सुरू कर आणि मध्ये सोडू नकोस. डॉक्सिसायक्लिन असेल तर परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, तुझे झाले नसतील तर आजच जा. मलावी यलो फीव्हरच्या देशांत मोडत नाही, पण वाटेतला इथिओपिया मोडतो आणि थांबा लांबला तर लस घेतल्याचं कार्ड मागतात. ते इंजेक्शन सरकारमान्य केंद्रातच मिळतं, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावं लागतं आणि एकदा घेतलं की जन्मभर चालतं. आणि मलावीत एचआयव्हीचं प्रमाण मोठं आहे. सुई टोचली तर औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, ते २८ दिवस चालतं. तुझ्या रुग्णालयात ते कोणत्या कपाटात असतं आणि रात्री किल्ली कोणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी विचार. लाजू नकोस.

कागदपत्रांत वेळ जातो, म्हणून लवकर लाग. मलावी एकमेकांची कागदपत्रं मान्य करायच्या हेग करारातला देश आहे, भारत २००५ पासून आहे, त्यामुळे प्रमाणपत्रांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी संस्था करून देते का, ते पक्कं कर. स्वयंसेवकाचा भत्ता तुझ्या तिथल्या जेवणाखाण्यापुरता असतो, त्यातून घरी पैसे येतील असं धरू नकोस. तू घरात दर महिन्याला जे देतेस त्याच्या सहापट रक्कम आईच्या खात्यात ठेवूनच नीघ.

डाळ मात्र नेऊ नकोस. तूर तिथे भरपूर पिकते, तिला नंदोलो म्हणतात आणि ती आपल्याकडेही येते. मक्याच्या पिठाच्या घट्ट न्सिमाबरोबर वरण खाल्लंस की घशाखाली चांगलं उतरतं. न्यायचंच तर गोडा मसाला ने, आणि आईच्या हातचं लोणचं. रुग्णालयाच्या आवारात पेशंटचे नातेवाईक चुलीवर रांधत बसलेले दिसतील. आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारात गडचिरोली-यवतमाळहून आलेली माणसं बसतात ना, तशीच. त्यांना 'मुली ब्वांजी' म्हण. 'कसे आहात' एवढाच अर्थ आहे, पण तो पहिला शब्द कानावर आला की मला दर वेळी घर आठवायचं.

शेवटचं काम दिवाळीनंतर कर. पंधरा दिवस घराबाहेर राहा, हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर, मैत्रिणीकडे, कुठेही. नंदनवनला पाऊल टाकायचं नाही, फोन फक्त रविवारी. शुगर तपासणं, गोळ्या आणणं, बँक, गॅस, सगळं भावाने करायचं, आणि जिथे अडलं ते वहीत लिहायचं. एप्रिलमध्ये कूलरच्या ताट्या कोण बदलणार आणि पंप बिघडला तर कोणाला बोलवायचं, हेही त्याच वहीत. त्याच्या आधी सगळे नंबर त्याच्या मोबाइलवर करून घे.

तुझं रुग्णालय कोणत्या जिल्ह्यात आहे, ते पत्रात राहून गेलंय. कळव. झोंबाच्या बाजूचं असेल तर तिथल्या पावसात कोणते बूट टिकतात आणि लोणच्याची बरणी कुठे ठेवायची, ते सांगते.