नव्वद दिवस कधीपासून मोजायचे?

प्रश्न : सोलापुरात नवी पेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं करतो, चादर-टॉवेलच्या कारखान्यांचे कॅटलॉगही करतो. फोटो एडिटिंगचं जुनं सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून डिस्कवर घेतलं होतं. चार वर्षांपूर्वी संगणक बदलला तेव्हापासून ते चालत नाही. मग भाच्याच्या ईमेलवर सबस्क्रिप्शन घेतलं आणि फोटोही कंपनीच्याच क्लाऊडवर ठेवत गेलो. बँकेनं कार्ड बदललं, ऑटो-पे बंद पडलं आणि 5 डिसेंबरला सबस्क्रिप्शन संपलं. 27 डिसेंबरला मेल आला, की नव्वद दिवसांत सगळं पुसलं जाईल. पुढे गड्ड्याच्या यात्रेची कामं आली, त्यात राहून गेलं. तीन लग्नांचे अल्बम अडकले आहेत. 27 मार्चपर्यंत वेळ आहे. केस टाकून फोटो आणि जुनं सॉफ्टवेअर परत मिळेल का? (पत्राची तारीख 16 फेब्रुवारी)

उत्तर : 27 मार्चपर्यंत वेळ नाही.

कराराची प्रत तुम्हीच जोडली आहे, पण वाचलेली दिसत नाही. साठवणुकीच्या अटीत नव्वद दिवस मोजायचे ते ‘सदस्यत्व संपल्याच्या दिनांकापासून’, असं स्वच्छ लिहिलं आहे. मेल कधी आला याला तिथे काही किंमत नाही. ती नुसती आठवण होती. 5 डिसेंबरपासून नव्वदावा दिवस येतो 5 मार्चला. कंपनीचं घड्याळ कोणत्या देशाचं, हा वाद घालत बसू नका आणि 3 मार्च हीच शेवटची तारीख धरा. बाकीचे सगळे मुद्दे नंतर लढता येतील. फोटो पुसले गेल्यावर मात्र लढाई फक्त नुकसानभरपाईची उरते.

त्याच अटीच्या पुढच्या ओळीत सुटका आहे : मुदतीत सदस्यत्व पुन्हा सुरू केलं तर साठवण कायम राहते. म्हणून आज एका महिन्याचे पैसे भरा. हो, ज्यांच्यावर केस टाकायची त्यांनाच. तुम्हाला राग येईल, पण भारतीय करार कायद्याचं कलम 73 पाहा. भरपाई ठरवताना तोटा टाळायचे कोणते मार्ग तुमच्या हातात होते, हे कोर्ट विचारात घेतं. एका महिन्याचा हप्ता भरून वाचले असते ते फोटो हट्टापायी जाऊ दिले, असं समोरच्या वकिलानं म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नसेल.

भरताना योजना नीट निवडा. ‘दरमहा’ आणि ‘वार्षिक, पण हप्ता दरमहा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत तुम्ही वर्षभर बांधले जाता आणि मध्येच सोडलं तर दंड बसू शकतो. अमेरिकेत याच प्रकारच्या योजनेवरून जून 2024 मध्ये अ‍ॅडोबीवर सरकारी खटला दाखल झाला. योजना मध्येच सोडल्यास लागणारं शुल्क ग्राहकांपासून दडवलं, असा त्यात आरोप होता. तुमची कंपनी कोणती हे इथे छापत नाही, पण बटण दाबण्यापूर्वी बारीक अक्षरं वाचा. पैसे भरल्यावर त्याच दिवशी भाच्याच्या ईमेलवरून कंपनीला दोन ओळी लिहा : हा भरणा फोटो वाचवण्यासाठी नाइलाजानं केला आहे, आणि माझे सर्व कायदेशीर हक्क राखून ठेवत आहे.

मग फोटो उतरवून घ्या. एक टेराबाइटचा साठा 100 एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला, वेग सलग पूर्ण मिळाला तरी, बावीस तास लागतात. तो तसा मिळत नाही, हे तुम्ही जाणता. तेव्हा 2 मार्चला रात्री बसू, असं करू नका. आणखी एक गोष्ट तुमच्या धंद्याची आहे, तरी सांगतो. अशा सॉफ्टवेअरमध्ये मूळ फोटोला हात लागत नाही. रंग, उजेड, काटछाट यांच्या नुसत्या सूचना वेगळ्या नोंदलेल्या असतात. मूळ फाइली उतरवल्या म्हणजे एडिटिंग आलं असं नाही. तीन लग्नांचे तयार फोटो जेपेग करून वेगळे काढा, आणि दोन हार्ड डिस्कवर ठेवा.

आता केस. सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही जाऊ शकता. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करण्याची मुभा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिली आहे, त्यामुळे करारात परदेशी कोर्टाचं नाव आहे म्हणून घाबरू नका. कलम 38 खाली अंतरिम आदेशही मागता येतो. पण तारखा पाहा. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे ठरवायलाच कायद्यानं सर्वसाधारणपणे 21 दिवस दिले आहेत. उद्या तक्रार टाकली तरी ते दिवस 5 मार्चच्या पुढे जातात. अंतरिम अर्ज तातडीनं ऐकला जाईल का, हे त्या दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीवर, अवलंबून, आणि आदेश झाला तरी तो कंपनीच्या योग्य दारात पोचायला हवा. साधी तक्रार तीन महिन्यांत निकाली निघावी असं कायदा म्हणतो. ज्यांनी आयोगात तारखा घेतल्या आहेत ते हे वाक्य वाचून हसतील. मी तर हसणंही सोडलं आहे. डिसेंबरातच आला असता तर अंतरिम अर्जाला काही अर्थ होता.

फोटो हातात आल्यावर तक्रारीचा विचार करू. तिथे मी खात्री देणार नाही. पहिली हरकत येईल ती ‘व्यापारी हेतू’ची. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणारा माणूस ग्राहक ठरतो, पण पत्रात तुम्ही ‘आमची फर्म’, ‘आमचा स्टाफ’ असं लिहिलं आहे. किती माणसं पगारावर आहेत ते आधी सांगा. खातं भाच्याच्या नावावर आणि पैसे तुमचे, हा गुंता कार्डाच्या विवरणपत्रांवरून सुटू शकेल. अट अन्याय्य आहे, एवढ्यावरच लढायचं असेल तर ते जिल्हा आयोगाच्या कक्षेत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागेल. सेवेतली त्रुटी दाखवायची तर कंपनीनं काय कळवलं नाही, हे दाखवावं लागेल. तिनं तर 27 डिसेंबरला कळवलं होतं. ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ला बंदी घालणारी केंद्राची 2023 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती ग्राहकाला बाहेर पडू न देणाऱ्या कंपन्यांविरुद्ध जास्त कामाची. तुम्ही न कळत बाहेर पडला आहात. सगळे मेल आणि स्क्रीनशॉट मूळ रूपात जपा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यांना प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसती प्रिंट चालत नाही.

जुन्या डिस्कचं म्हणाल तर ती आशा सोडा. बाजारात मिळणारं तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये, विक्रीकराच्या प्रकरणात का होईना, म्हटलं आहे. त्यावर चांगला युक्तिवाद उभा राहिला असता. पण ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, आणि तुमचं सॉफ्टवेअर बंद पडून चार झाली. उशीर माफ करायला सबळ कारण लागतं. ‘कामात होतो’ हे कारण मी आयोगापुढे वाचून दाखवणार नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत, की तोवर मित्राकडची ‘क्रॅक’ प्रत वापरली तर काय. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63-बी प्रमाणे नकली सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापरलं नसेल तर कैदेत सूट मिळू शकते. तुमचा स्टुडिओच आहे, म्हणजे तीही नाही. आणि हे मला लिहून कळवण्याची गरज नव्हती.

राहिली तीन लग्नघरं. हे तुम्हाला दुय्यम वाटतं आहे, मला नाही. पैसे घेऊन, कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, तो सांगणाराच असतो. कॉपीराइट कायद्याचं कलम 17 तसं म्हणतं. म्हणजे क्लाऊडवर अडकलाय तो माल त्यांचा. अल्बम मिळाला नाही तर जिल्हा आयोगात ते तक्रारदार आणि तुम्ही सामनेवाले असाल, आणि तिथे ‘कंपनीनं पुसले’ हा बचाव टिकणं अवघड आहे. तिघांनाही आजच फोन करून नवी तारीख सांगा, तीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवा, आणि ती 3 मार्चनंतरची ठेवा. फोटो उतरवून झाले की करार, दोन्ही मेल, कार्डाची विवरणपत्रं आणि भाचा, एवढं घेऊन या.