आवडतं ते शोभत नाही, शोभतं ते आवडत नाही

समुपदेशनाला कपड्यांविषयी बोलायचंय म्हणून सहसा कुणी येत नाही. आत्मविश्वास कमी झालाय, चारचौघांत जायला नको वाटतं, फोटो काढायची वेळ आली की मागच्या रांगेत जाऊन उभं राहावंसं वाटतं, अशा तक्रारी असतात. दोन-तीन भेटी झाल्या की मग हळूच कपाटाचा विषय निघतो. "मला जे आवडतं ते माझ्या अंगाला शोभत नाही. आणि शोभतं म्हणतात ते घातलं की मी दुसरीच कुणीतरी वाटते." हे वाक्य मी इतक्या जणींकडून, आणि अलीकडे पुरुषांकडूनही, ऐकलंय की त्यावर एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. त्यासाठी एकीची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींमधलं मोजकंच इथे घेतलं आहे.

ती गणित शिकवायची. खांदे अरुंद, कंबर बारीक, कंबरेखालचा भाग रुंद. पहिल्याच भेटीत म्हणाली, "मॅडम, माझा पेअर शेप आहे, नासपतीसारखा." कुणीतरी तिला शरीराच्या ठेवणीनुसार काय घालावं याचा एक तक्ता दिला होता. गणिताची शिक्षिका असल्यामुळे तिने तो प्रामाणिकपणे पाळला. खाली गडद, वर उजळ. घेर ए-लाइन, म्हणजे खाली रुंद होत जाणारा. खांदे भरलेले दिसावेत म्हणून बाह्यांना झालर. जुने, ढगळ, मोठाल्या चौकड्यांचे शर्ट एका पिशवीत भरून कपाटाच्या तळाशी गेले.

"मग फरक काय पडला?" मी विचारलं.

"लोक म्हणतात, बारीक दिसतेस."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"फळ्याकडे वळले की झालर हलते. माझं निम्मं लक्ष त्या झालरीतच." जरा थांबून म्हणाली, "आणि आज बारीक दिसले, पण उद्या नाही दिसले तर?"

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर झाली आहे. त्यांनी १९५५ च्या सुमारास आपली पद्धत मांडायला सुरुवात केली. माणूस दुःखी होतो तो इच्छेमुळे कमी आणि इच्छेचा हट्ट झाल्यामुळे जास्त, हे त्यांचं सांगणं मला रोजच्या कामात पुन्हा पुन्हा पटतं. नीटनेटकं दिसावं, कपडे अंगाला छान बसावेत, ही इच्छा अगदी निरोगी आहे. ती कुणी सोडून द्यावी असं मी कधीच म्हणत नाही. पण 'बारीक दिसलंच पाहिजे, नाहीतर मी गबाळी' असं मनात पक्कं झालं की प्रत्येक सकाळ परीक्षेची होते, आणि चांगला कपडाही त्यातून सोडवू शकत नाही.

तक्त्यावरचा तिचा विश्वास मात्र नुसत्या समजुतीने हलणारा नव्हता. तिला आकडे हवे होते. मी तिला एका पाहणीबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीमधल्या अभ्यासकांनी सहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या मापांवरून आकार ठरवले, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये चर्चेत आले. त्यात वाळूच्या घड्याळासारखी, म्हणजे तक्त्यांना आदर्श वाटणारी, ठेवण जेमतेम ८ टक्के स्त्रियांची निघाली. जवळजवळ निम्म्या स्त्रिया वरपासून खालपर्यंत साधारण सरळ बांध्याच्या होत्या. ती खुर्चीत पुढे सरकून म्हणाली, "म्हणजे आठ टक्क्यांना प्रमाण धरून ब्याण्णव टक्क्यांची दुरुस्ती चाललीये!" त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळी हसली.

साइजच्या आकड्याचीही तीच कथा. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची मापं घेतली गेली, त्यावर १९५८ मध्ये तयार कपड्यांसाठी एक प्रमाण ठरलं आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं. आज प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने आकडा छापते. एका कंपनीचा एल बसतो, दुसरीचा एक्सएल लागतो, आणि आपण त्यावरून रात्रीचं जेवण सोडतो. आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो, हाही असाच एक पक्का समज. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच आणि अरुंद भासतो. २०११ मध्ये यॉर्क विद्यापीठाच्या पीटर थॉम्पसन यांनी माणसांच्या आकृत्यांवर तेच तपासलं, तेव्हाही आडव्या पट्ट्यांनी आकृती रुंद भासली नाही.

म्हणून सगळे नियम फेकून द्यायचे का? नाही. कपड्याची शिवण कुठे येते, कापड कसं पडतं, नजर कुठे अडते, हे सगळं खरं असतं आणि शिकण्यासारखं असतं. माझा आग्रह इतकाच की या ज्ञानाने आपली आवड पुसली जाऊ नये.

पुढच्या भेटीला मी तिला त्या पिशवीतला सर्वांत लाडका शर्ट आणायला सांगितलं. तिने हळदी रंगाचा, जाड सुती, मोठ्या चौकड्यांचा एक शर्ट आणला आणि अंगातल्या कपड्यांवरच चढवला. खांद्याची शिवण दंडाच्या मध्यापर्यंत उतरली होती. खालचा काठ बरोबर नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर येऊन थांबत होता. मी तिला आरशासमोर उभं केलं आणि म्हटलं, "पाठीमागे हात नेऊन कंबरेपाशी जास्तीचं कापड मुठीत धरा."

तिने धरलं. चौकड्या कंबरेशी आत वळल्या, शर्टाला एकदम आकार आला. आता ती कंबर बघेल, मग खाली बघेल, मग चेहरा पडेल, असं मला वाटलं होतं. वर्षानुवर्षं मी तेच पाहत आले आहे. पण तिने आरशाकडे पाहिलंच नाही. मान खाली घालून ती बाजूला चाचपत होती.

"खिसा कुठे गेला?"

कापड मागे ओढल्यामुळे बाजूचा खिसा पाठीकडे सरकला होता. तिने मूठ सोडली, शर्ट पुन्हा ढगळ झाला, आणि तिचा उजवा हात आपोआप खिशात गेला. तिथे तो अगदी निवांत होता. बोटं आत काहीतरी चाळवत होती. खडूचा तुकडा होता.

मी मुद्दाम काही बोलले नाही. मग विचारलं, "कंबर कशी दिसली?"

"पाहिलीच नाही हो मी."

या एका वाक्यावर पुढचं सगळं काम उभं राहिलं. मी तिला विचारलं, अंगात काय घातलंय याचा पूर्ण विसर पडला होता असे दिवस आठवतात का? ती बराच वेळ गप्प होती, मग एकेक सांगत गेली. मैत्रिणीबरोबर घराच्या भिंती रंगवल्या तो दिवस. मुलांना मैदानावर नेऊन सावल्यांवरून झाडाची उंची काढायला शिकवलं तो दिवस. एक लांबचा प्रवास. त्या दिवशींचे कपडे आठवायला सांगितले तर सगळ्यांत कॉलर होती, खिसे होते, दुमडता येणाऱ्या बाह्या होत्या, कापड जरा ताठ आणि रंग उबदार. ढगळपणा मात्र सगळीकडे नव्हता. भिंती रंगवताना घातलेला शर्ट तर चांगला मापाचा होता.

"मग इतके मोठे शर्ट घालायला कधी लागलात?"

खिशातला हात थांबला. "नववीत. वर्गातला एक जण मागून काहीतरी बोलला होता."

"आणि खिसे?"

"खिसे तर त्याच्याही आधीपासून." हे सांगताना तिचा आवाज पार बदलला. "लहानपणी माझ्या फ्रॉकलासुद्धा खिसा लागायचा. त्यात गोट्या असायच्या."

'माझी स्टाइल' म्हणून आपण जे जपतो त्यात बहुतेक वेळा दोन गोष्टी एकत्र शिवलेल्या असतात. एक आपली खरी आवड. दुसरी म्हणजे कधीतरी कुणाच्या बोलण्यापासून वाचण्यासाठी घेतलेला आडोसा. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून तक्ता हाती आला की माणूस दोन्ही एकदम टाकून देतो आणि मग आपण हरवलो असं त्याला वाटतं. किंवा बंड करून दोन्ही घट्ट धरून ठेवतो. त्या दोन्ही वेगळ्या करून माणसाच्या हातात देणं हे माझ्या कामातलं मला सर्वांत आवडणारं काम आहे, आणि ते मला चांगलं जमतं असं आता म्हणायला हरकत नाही.

तिने पुढे काय केलं ते सांगते, कारण त्यात इतरांना उपयोगी पडेल असं बरंच आहे. जुना शर्ट आटवण्याच्या फंदात ती पडली नाही. खूप मोठ्या कपड्याचे खांदे आत घ्यायचे तर मुंढा, बाही सगळंच उसवावं लागतं आणि बहुधा मूळ रूप बिघडतं. तिने तसंच कापड घेऊन शिवायला दिलं. शिवण बरोबर खांद्याच्या हाडाच्या टोकावर. पाठीला कंबरेपाशी दोन टक्स, पुढून सरळ. काठ गोलाकार आणि नितंबांच्या बराच खाली, बाजूला चिरा. खिसे जरा पुढे आणि खोल. शिवणाऱ्याने चौकडी बारीक घ्या असं सुचवलं, तर म्हणाली, "चौकड्या मोठ्याच राहू देत." मी विचारलं, "आणि त्यात रुंद दिसलात तर?" ती म्हणाली, "दिसेन. वर्गात मी कुणाला अरुंद दिसायला जात नाही."

तुम्हाला हे स्वतःसाठी करायचं असेल तर आधी कपाटाकडे जाऊ नका, आठवणींकडे जा. कपड्यांचा विसर पडला होता असे चार-पाच दिवस आठवा आणि त्यांत पुन्हा पुन्हा आलेल्या गोष्टी शोधा. कुणाच्या बाबतीत ते सुळसुळीत कापड असतं, कुणाचा काळा रंग, कुणाच्या उघड्या मनगटावरचं घड्याळ. अशा दोन-तीन गोष्टी पुरतात. त्यांना हात लावायचा नाही. बाकी लांबी, घेर, गळा, माप हे सगळं शरीराच्या सोयीने खुशाल बदलावं.

बदलताना सर्वांत आधी खांदा पाहावा. खांदा बसला की निम्मा कपडा बसला, आणि खांदा चुकला तर तो दुरुस्त करणं सर्वांत अवघड. तयार कपडा घेताना शरीराचा जो भाग सर्वांत रुंद आहे त्याला सैलसर बसेल असा घ्यावा आणि बाकीचा आत घ्यावा. आत घेणं सोपं असतं, सोडायला मात्र शिवणीत कापडच नसतं. नजर नेहमी काठापाशी आणि रंग बदलतो तिथे अडते, म्हणून ज्या भागाकडे लक्ष जायला नको असेल तिथे काठ संपवू नये. उंची जास्त भासायला हवी असेल तर वर-खाली एकाच रंगछटेचे कपडे नजर न अडवता खालपर्यंत नेतात. पोट पुढे असेल तर अंगाला चिकटणारं पातळ कापड आणि तंबूसारखं ढगळ कापड, दोन्हींपेक्षा जरा वजनदार आणि सरळ पडणारं कापड बरं. आणि आरशासमोर पुतळ्यासारखं उभं राहून निर्णय घेऊ नये. बसून पाहा, हात वर करा, वाका. बटणांमध्ये फट पडली, बाही ओढली गेली, तर तो कपडा तुमच्या मापाचा नाही, मग आकडा काहीही असो.

पुरुषांच्या बाबतीत तक्रार वेगळ्या शब्दांत येते, पण आत तेच असतं. बुटक्या, जाडसर अंगाचे एक गृहस्थ वर्षानुवर्षं शर्ट बाहेर सोडून वावरत, कारण खोचला की पोट दिसतं. त्यांना खोचलेला शर्टच आवडायचा. पँट पोटाखाली न बांधता जरा वर, कंबरेवर घेतली आणि बसायला जागा राहील अशी शिवली, एवढ्यावर त्यांचं काम झालं.

राहता राहिला लोक काय म्हणतील हा प्रश्न. मानसशास्त्रज्ञ टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक प्रयोग मी बऱ्याच जणांना सांगते. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या तरी तो लक्षात आला असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला होता. जे बघतात तेही थोड्या वेळाने आपल्या कामाला लागतात. घरचं माणूस टोचून बोलत असेल तर त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा 'मला हे घालून मोकळं वाटतं' एवढं शांतपणे सांगावं आणि विषय बदलावा.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. दिवसाचे तास आरशासमोर किंवा आरसा टाळण्यात जात असतील, एखाद्या अवयवाच्या विचाराने घराबाहेर पडणं बंद झालं असेल, किंवा अंग कमी दिसावं म्हणून खाणं तोडणं, खाऊन ओकणं सुरू असेल, तर हा कपड्यांचा प्रश्न उरलेला नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं, आणि लवकर भेटावं. यावर उपचार आहेत.

आणि 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून राखून ठेवलेले कपडे? ते नजरेसमोर टांगून ठेवू नका. रोज सकाळी कपाट उघडल्यावर पहिली भेट त्यांच्याशी होत असेल तर दिवसाची सुरुवातच हिशेब चुकल्यासारखी होते. फारच जीव असेल तर एक-दोन वेगळे बांधून ठेवा, बाकीचे ज्यांना आज होतात त्यांना द्या. उद्या शरीर बदललं, बारीक झालं किंवा भरलं, तर तेव्हाच्या मापाने नवीन शिवून घ्या. तुमच्या त्या दोन-तीन गोष्टी शिवणाऱ्याला आधीच लिहून द्या, म्हणजे माप घेताना त्या राहून जाणार नाहीत.