ओआरएस म्हणून आणलेलं सरबत

प्रश्न : ताई, सासूबाईंना जुलाब लागले म्हणून मुलगा मेडिकलमधून संत्र्याच्या चवीचा 200 मिलीचा खोका घेऊन आला. त्यावर ठळक अक्षरांत ओआरएस (जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं पाणी) लिहिलंय, पण गोडमिट्ट आहे. सासूबाई म्हणाल्या, "हे औषध नव्हे, लग्नातलं सरबत आहे." त्यांना शुगर आहे. मागे '100 मिलीमध्ये साखर 11 ग्रॅम' असं छापलंय. द्यावं का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : देऊ नका. सासूबाईंची जीभ खोक्यापेक्षा खरी आहे. अख्ख्या खोक्यात 22 ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे ओआरएसमध्ये लिटरभर पाण्याला 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे 200 मिलीत तीन ग्रॅमसुद्धा नाही. हे माप उगाच ठरलेलं नाही. ग्लुकोज आणि मीठ मापात असलं की आतडं दोन्ही शोषून घेतं आणि त्यांच्यामागून पाणीही आत जातं. साखर बेसुमार झाली की पाणी उलट आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात.

आता खोक्यावरची बारीक अक्षरं बघा. 2022 पासून अशा पेयांना नावात ओआरएस वापरायची मुभा होती. 'हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस नाही' एवढी ओळ छापली की काम झालं! ऐन जुलाबात ती ओळ वाचायला कोण बसतंय? 14 ऑक्टोबर 2025 च्या आदेशाने एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, ती मुभा काढून घेतली. आता नावाच्या मागेपुढे काही जोडलं तरी पेयावर ओआरएस हा शब्द चालत नाही. त्यामुळे खोका परत करा, दुकानदाराला कारणही सांगा. तो ऐकत नसेल तर खोक्याचा फोटो आणि बिल घेऊन सांगलीला अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

त्याच मेडिकलमध्ये ओआरएसची पुडी मागा, तीही सूत्राचा उल्लेख बघूनच. प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते. लिटरची पुडी असेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात ती अख्खी टाकायची आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. अर्धी पुडी तांब्याभर पाण्यात, असला अंदाजपंचे कारभार नको. शुगर आहे म्हणून खरं ओआरएस टाळू नका, अंगातलं पाणी कमी होणं जास्त घातक. शुगर मात्र तपासत राहा, आणि जुलाब असेपर्यंत शुगरच्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे डॉक्टरांना आजच विचारा.