बर्गनला यायचंय? आधी अर्जातली दोन वाक्यं काढ

तू मला विचारलंस, ‘ताई, रत्नागिरीत मत्स्यविज्ञानात एम.एफ.एससी. झालंय, माशांच्या हॉर्मोन-रिसेप्टरांवर (हॉर्मोन ओळखणाऱ्या पेशीतल्या प्रथिनांवर) पीएच.डी.ला नॉर्वेत, तुझ्या बर्गनला यायचंय, अर्ज बघशील का?’ बघितला.

पैशांचं आधी उरकते. इथे पीएच.डी. म्हणजे पगारी नोकरी. फी नाही. जागा जॉबनॉर्गे या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर निघतात. तीन वर्षांच्या, शिकवायचं काम असेल तर चार. आधी मास्टर्स करू म्हणशील तर 2023 पासून युरोपाबाहेरच्यांना फी आहे, तेव्हा नकोच.

आता अर्ज. ‘प्रत्येक हॉर्मोनसोबत त्याचा रिसेप्टर घडत गेला’ हे वाक्य काढ, मुलाखतीत त्यावरच धरतील. अल्डोस्टेरोनचं बघ. आपल्या मूत्रपिंडात मीठ धरून ठेवणारं हे हॉर्मोन सामन (सॅल्मन) किंवा रोहूत नाहीच. ते जमिनीवर आलेल्या प्राण्यांच्या फांदीवर उशिरा आलं. पण 2006 मध्ये जो थॉर्नटन या उत्क्रांती-शास्त्रज्ञाच्या गटाने 45 कोटी वर्षांहून जुना पूर्वज-रिसेप्टर प्रयोगशाळेत पुन्हा बनवला, तर तो अल्डोस्टेरोनलाही ओ देत होता! म्हणजे रिसेप्टर आधीचा, हॉर्मोन नंतरचं. कारण तेव्हा जे जुनं स्टिरॉइड हॉर्मोन होतं, त्याची ठेवण जवळपास अल्डोस्टेरोनसारखीच. लॅम्प्रे, हॅगफिश या जबडा नसलेल्या माशांकडे आजही या घराण्यातला एकच रिसेप्टर आहे. बाकीच्यांत जनुकाच्या दोन प्रती झाल्या आणि त्यातल्या एकीने, मुख्यतः दोन अमिनो आम्लं बदलल्यावर, अल्डोस्टेरोनची ओळख सोडली. मला आवडतो तो यातला क्रम: त्या दोनांतला एक बदल आधी झाला असता तर रिसेप्टर निकामीच झाला असता.

दुसरं वाक्य: ‘झेब्राफिशमधल्या दोन कॉर्टिसोल-रिसेप्टरांची तुलना करीन.’ कॉर्टिसोल म्हणजे ताणाचं हॉर्मोन. अगं, बऱ्याच हाडाच्या माशांत ते दोन आहेत खरे, पण झेब्राफिशने एक गमावलाय. त्यापेक्षा सामन घे. त्याच्या पूर्वजांचा जीनोम (सगळा जनुकसंच) साधारण 8 कोटी वर्षांपूर्वी आणखी एकदा दुप्पट झाला, म्हणजे प्रतींना तोटा नाही. शिवाय नदीतून समुद्रात जाताना कल्ल्यांनी मीठ बाहेर टाकायला त्याला कॉर्टिसोलच लागतं. ताणाचं आणि मिठाचं, दोन्ही कामं कॉर्टिसोलच्याच गळ्यात. नॉर्वेचा सगळा सामन-धंदा या टप्प्यावर अडतो, म्हणून अशा विषयाला इथे कान देतात.

पेशी वाढवून ल्युसिफरेज चाचणी (रिसेप्टर जागा झाला की पेशी उजळते ती) केली असशील तर ते पहिल्याच पानावर लिही, चौथ्यावर नको.

पावसाचं विचारलंस. कोकणाएवढा कोसळत नाही, पण वर्षाचे दोनशेहून जास्त दिवस पडतो. छत्री वाऱ्याने उलटते. चांगला रेनकोट इथे आल्यावर घे.