संत्र्याची साल, लवंगा आणि नाताळचा सुवास

प्रश्न : नाताळात घर दरवळावं म्हणून संत्र्याच्या फोडी, दालचिनी आणि लवंगा पाण्यात उकळत ठेवल्या. पहिली दहा मिनिटं छान, नंतर कडवट, शिजका वास. काय चुकलं? (वसईहून)

उत्तर : आच चुकली, आणि फोडीही. खळखळ उकळलं की सालीतलं सुगंधी तेल वाफेबरोबर आधीच उडून जातं. मागे उरतो शिजलेल्या गराचा वास. एका संत्र्याची नुसती साल पुरते. जाड बुडाच्या पातेल्यात एक लिटर पाणी, दालचिनीचे बोटभर लांबीचे दोन तुकडे, ८-१० लवंगा आणि एक चक्रीफूल घाला. उकळी आली की गॅस अगदी बारीक करा. वाफ दिसावी, बुडबुडे नकोत. साल त्यानंतर दहा मिनिटांनी पाण्यात घाला. दालचिनीची पूड मात्र नको, पाणी बुळबुळीत होऊन तळाला लागतं. दर अर्ध्या तासाने पाणी बघा आणि भर घालायची ती गरम पाण्याचीच. पातेलं तसंच ठेवून चर्चला जाऊ नका.

तासाभरात बंद करा. आपलं नाक सरावतं, दारातून आलेल्या पाहुण्याचं नाही. आणि ज्या दिवशी घरात केक भाजला जातोय, त्या दिवशी हे पातेलं चढवूच नये.

प्रश्न : लवंगा टोचलेलं संत्रं आठवड्यात बुरशीने पांढरं पडलं.

उत्तर : नागपुरी संत्र्याची साल सैल, आत पोकळी, ओल तिथेच साठते. घट्ट सालीची मोसंबी घ्या. दाभणाने भोक पाडून लवंग डोक्यापर्यंत खुपसा, दोन डोक्यांत ३-४ मिलिमीटर जागा सोडा, कारण वाळताना फळ आकसतं. लवंगेतलं युजेनॉल हे सुगंधी द्रव्य बुरशीला अडवतं, म्हणून फळ सगळीकडून भरायला हवं. एका मोसंबीला २५ ग्रॅम लवंगा सहज लागतात. काम स्वस्त नाही. मग दालचिनीच्या पुडीत घोळवून कागदी पिशवीत, हवेशीर जागी तीन-चार आठवडे वाळवा आणि रोज उलटा. प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलं की बुरशी आलीच. म्हणजे सुरुवात नोव्हेंबरातच हवी. डिसेंबरात आठवण झाली तर चार लवंगांची नक्षी काढा, टेबलावर मांडा आणि चार-पाच दिवसांत टाकून द्या.

प्रश्न : नाताळात मांडलेल्या येशूजन्माच्या गोठ्यापुढे सुगंधी मेणबत्ती लावली तर चालेल? घरात मांजरही आहे.

उत्तर : गोठ्यात वाळका पेंढा असतो, तिथे ज्योत नकोच, मेणबत्ती वेगळ्या टेबलावर लावा. वात ५-६ मिलिमीटरवर कापा आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर काजळी धरते. पहिल्यांदा लावाल तेव्हा मेण कडेपर्यंत वितळू द्या. आधीच विझवली तर पुढे मधोमध खड्डा पडत जातो. मांजर असेल तर डिफ्यूझरमध्ये (सुगंधी तेलाचे थेंब हवेत सोडणाऱ्या उपकरणात) दालचिनी, पाइन किंवा संत्र्याचं तेल घालू नका. मांजराच्या यकृताला ही तेलं नीट पचवता येत नाहीत, आणि हवेतले थेंब अंगावर बसले की ते चाटून पोटात जातात.