केळीचं खोड नेमकं कुठं असतं?

यावल तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेकीला विज्ञानाच्या चाचणीत खोड जमिनीवर असणाऱ्या आणि जमिनीखाली असणाऱ्या वनस्पती ओळखायच्या होत्या. तिनं जमिनीवरच्या रांगेत कापूस, तूर आणि केळ लिहिलं. बाईंनी केळीवर फुली मारली आणि शेजारी ‘जमिनीखाली’ असं लिहून दिलं. घरी आजोबांना ते पटत नाही. पुरुषभर उंचीचं खोड डोळ्यांसमोर उभं असताना ते जमिनीखाली कसं, असं ते विचारतात. घरची केळीची बाग आहे आणि बागेत सगळे त्याला खोडच म्हणतात. तर आपण बोलतो ती मराठी चुकीची का? शिवाय केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या नव्या रोपाला आपण ‘पील’ म्हणतो, त्याला पुस्तकात ‘मुनवा’ म्हटलंय, मग लेकीनं काय लिहावं?

ताई, बाईंची फुली विज्ञानाच्या पेपरात बरोबर आहे. आजोबांचा शब्दही बरोबर आहे. दोघं एकच शब्द दोन अर्थांनी वापरताहेत, आणि दोन्ही अर्थ मराठीत पक्के रुजलेले आहेत.

रोजच्या बोलण्यातला ‘खोड’ हा आकार पाहून दिलेला शब्द आहे. जाडजूड, उभं, फांद्यापानांचा भार पेलणारं जे काही असेल ते खोड. सहाणेवर उगाळतो तेही चंदनाचं खोडच, त्याला ना मूळ ना पान. वय झालेल्या माणसाला आपण ‘जुनं खोड’ म्हणतो. ऊस तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. (ते खोड आणि ती खोड यांत मात्र गल्लत नको. खोडी काढणारा मुलगा आणि त्याची मोडायची ‘ती’ खोड हा शब्द स्त्रीलिंगी, त्याचा संसार वेगळा.) संस्कृत कोशांत ‘क्षोड’ म्हणजे हत्ती बांधायचा खांब. मराठीतल्या शास्त्रीय परिभाषेनं तोच शब्द उचलून आल्या-हळदीच्या जमिनीतल्या खोडाला ‘मूलक्षोड’ आणि बटाट्याला ‘ग्रंथिक्षोड’ असं म्हटलं. खांबासारखं उभं राहणं हा या शब्दाचा जुना गाभा धरला, तर जमिनीत आडव्या वाढणाऱ्या हळदीला तो लावणं म्हणजे शब्दाला नवी शिस्त लावणंच झालं. विज्ञानाला ती लावावी लागते, कारण त्याला आकारावरून नव्हे, कामावरून आणि रचनेवरून ओळख पटवायची असते.

वनस्पतिशास्त्रात खोड कशाला म्हणायचं? ज्याच्यावर पेरं असतात आणि पेरांवर पानं फुटतात, पानाच्या बगलेत डोळा असतो, त्या भागाला. दोन पेरांमधलं अंतर म्हणजे कांडं. हे शब्द पुस्तकानं शेतातूनच घेतलेत. उसाचं बेणं तोडताना दोन डोळ्यांची टिपरी ठेवायची, बटाट्याच्या फोडी करताना प्रत्येक फोडीला एक तरी डोळा राहू द्यायचा, हे शेतकऱ्याला शाळेनं शिकवलेलं नाही. म्हणून मुलांना मी एकच खूण सांगेन. खोड शोधायचं असेल तर डोळा शोधा. बटाट्याला डोळे आहेत, तो जमिनीत राहूनही खोड. रताळ्याला तसे पेरांवर मांडलेले डोळे नाहीत, ते मूळ. गाजर-मुळ्याचंही तेच.

आता हीच खूण घेऊन बागेत जाऊ. केळीच्या त्या हिरव्या, गुळगुळीत, पुरुषभर उंच खांबावर हात फिरवा. पेर लागत नाही, डोळा लागत नाही. घड उतरवल्यावर उभं राहिलेलं खोड विळ्यानं आडवं कापून पाहा. एकात एक बसलेल्या चंद्रकोरी दिसतात, आणि प्रत्येक कोरीत हवेच्या बारीक बारीक कप्प्यांची जाळी असते. (कापताना जुने कपडे घालावेत, केळीच्या चिकाचा डाग साबणाला दाद देत नाही.) एकेक कोर सोलत वर नेली की ती पुढं अरुंद होत पानाच्या देठात जाते आणि देठ पानात. म्हणजे तो सगळा खांब पानांच्या बुडांचा आहे. पानाचं बूड रुंद होऊन आतून येणाऱ्या नव्या पानाच्या बुडाला लपेटतं, असं करत करत तो उभा राहतो. कांद्याची रचना हीच, फक्त तिथं पानांची बुडं फुगून गोल झालेली असतात आणि खरं खोड म्हणजे मुळांच्या वरची ती बोटभर चकती.

केळीचं खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. पानं त्याच्यापासून फुटतात, डोळे त्याच्यावर असतात, मुळंही त्यालाच. आपल्याकडच्या लागवडीत पिढ्यान् पिढ्या कंद लावले गेले ते यामुळेच. खाण्याच्या केळीला बी धरत नाही. तिच्या बहुतेक जातींच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात, 11 चे तीन म्हणजे 33, आणि अशा विषम संचातून बीजनिर्मिती नीट होत नाही. फळात दिसणारे काळे ठिपके म्हणजे न वाढलेल्या बियांच्या खुणा. बी नाही, म्हणजे नवं रोप डोळ्यातूनच यायला हवं. आता जळगाव जिल्ह्यात टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, जी-9 या जातीची रोपं सर्रास लागतात, तीसुद्धा पिलाच्या कंदातला वाढीचा कोवळा शेंडा घेऊनच तयार करतात. प्रयोगशाळेलाही डोळ्यापाशीच जावं लागलं.

आजोबांना हे पटवायचं असेल तर पुस्तक बाजूला ठेवा आणि त्यांच्याच हातचं काम आठवून द्या. मुख्य झाडाचं अन्न खातात म्हणून बागेतली जास्तीची पिलं ठराविक दिवसांनी कापावी लागतात. पील जमिनीलगत सपासप कापलं तरी दुसऱ्या दिवशी कापाच्या मधोमध एक गोल तुकडा वर आलेला दिसतो, आणि काही दिवसांत तिथून पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, उलगडतो. तुरीचा शेंडा खुडला तर खुडलेला शेंडा तसाच पुढं वाढत नाही, बगलेतल्या डोळ्यांतून फांद्या फुटतात. मग पिलाचं मधलं अंग वाढत कसं राहतं? कारण वाढणारा शेंडा कापात सापडलाच नव्हता. तो खाली कंदात सुरक्षित बसलाय आणि तिथून नवं पान वर ढकलतोय. पील कायमचं घालवायचं तर कोंब खणून काढावा लागतो, हे आजोबा कुणालाही सांगतील. खोड जमिनीखाली आहे या विधानाचा याहून चांगला पुरावा शाळेच्या प्रयोगशाळेत मिळायचा नाही.

पण इथं बाईंनीही एक बारकावा लक्षात घ्यायला हवा, आणि तो मला या सगळ्या चर्चेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. केळ निसवायच्या, म्हणजे घड बाहेर पडायच्या, वेळेला कंदातला शेंडा पानं काढायचं थांबवतो आणि त्याचा फुलोरा होतो. हा फुलोरा दांड्यासकट पानांच्या बुडांच्या त्या पोकळीतून, मधोमध, वर चढत जातो आणि शेंड्याला बाहेर पडतो. ती निसवण. मग जांभळं कमळ लोंबू लागतं, त्याची एकेक पाकळी उचलली जाते, प्रत्येकीखाली फुलांची रांग असते, आणि सुरुवातीच्या रांगांच्या फण्या होतात. घडाचा जो दांडा आपण खांद्यावर घेतो तो कंदापासून निघालेला, खऱ्या खोडाचाच लांबलेला भाग. न निसवलेलं झाड कापलं तर मध्यभागी गुंडाळलेला पोंगा मिळतो, निसवलेलं कापलं तर पांढराशुभ्र भरीव दांडा. केरळात आणि बंगालात भाजीसाठी वापरतात तो हाच आतला भाग. तेव्हा ‘केळीचं खोड जमिनीखाली असतं’ हे वाक्य निसवणीपर्यंत पूर्ण खरं. निसवल्यावर त्याचा एक भाग जमिनीवर येतो, फक्त तो झाकलेला असतो.

पानांच्या बुडांच्या या खांबाला पुस्तकात दिलेल्या ‘आभासी खोड’ या नावाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. आभास म्हणजे नसलेलं दिसणं. मृगजळ हा आभास. केळीचा खांब तर खराखुरा उभा आहे. वीस-पंचवीस किलोचा घड पेलतो, झाडाचं पाणी साठवतो. तो फक्त खोड नाही, एवढंच. मुलांच्या मनात ‘आभासी’ म्हटल्यावर काहीतरी खोटं, फसवं असं बसतं, आणि मग खांब कशाचा बनलाय हा खरा प्रश्न बाजूलाच पडतो. मराठीत त्या पानाच्या बुडाला नेमका शब्द आहे: सोपट. गजरे-हार करणारे ज्याचे धागे काढतात तेच केळीचं सोपट. ‘केळीचं वरचं खोड सोपटांचं असतं’ असं एक वाक्य वर्गात सांगितलं तर रचना, पदार्थ आणि फरक तिन्ही कळतात. परिभाषा करणाऱ्यांनी हा शब्द का घेतला नाही याची मला हळहळ वाटते. परीक्षेत अर्थात ‘आभासी खोड’च लिहावं, कारण उत्तर त्याच शब्दांत तपासलं जाणार.

आपल्या बोलण्यालाही हा फरक आतून माहीत आहे, याची एक साक्ष देतो. कापूस वेचून झाल्यावर उरते ती पऱ्हाटी, तुरीच्या उरतात त्या तुराट्या. दोन्ही सरपण म्हणून घरी येतात. केळीच्या वाळलेल्या खोडाला खान्देशात कुणी लाकूड म्हणत नाही आणि कुणी चुलीत घालायला आणतही नाही. त्यात लाकूड नाहीच. आहे ते पाणी, हवेचे कप्पे आणि धागे. मे-जूनच्या वादळात रावेर-मुक्ताईनगरकडच्या बागा आडव्या होतात आणि बांधावरचा निंब मात्र उभा राहतो, याचं निम्मं कारण इथं आहे. निंबाचं खोड वर्षागणिक आतून लाकूड साठवत जाड होतं. केळ एकदल, तिच्यात अशी वाढ होत नाही. वर घडाचं वजन, रुंद पानांचं शीड, आणि खाली धरायला लाकूड नाही. म्हणून घड धरल्यावर बांबूचा टेकू किंवा पट्टीचा आधार द्यावा लागतो.

मग केळीला ‘झाड’ तरी म्हणावं का, हा प्रश्न कुणीतरी विचारेलच. बोलताना खुशाल म्हणावं. वृक्ष, झुडूप आणि रोपटं या शाळेतल्या वर्गीकरणात ती वृक्षात बसत नाही, कारण वृक्षाला लाकडी खोड लागतं. संस्कृतात तिच्यासाठी चपखल शब्द आहे, ‘ओषधी’. त्याची जुनी व्याख्या ‘फलपाकान्ता’, म्हणजे फळ पिकलं की जिचा अंत होतो ती. केळ एकदाच निसवते, घड दिला की ते खोड संपतं, आणि पुढचा घड पील देतं. औषध हा अर्थ त्या शब्दाला नंतर इतका चिकटला, की मूळ अर्थ आता फक्त पुस्तकात राहिलाय.

जाता जाता, लेकीनं ‘केळ’ असं लिहिलं हे मला फार आवडलं. मराठीत ती केळ म्हणजे वनस्पती आणि ते केळं म्हणजे फळ. जांभूळ आणि बोर यांचंही असंच, झाड स्त्रीलिंगी आणि फळ नपुंसकलिंगी. पण दोहोंचं अनेकवचन ‘केळी’च होतं, वर पिकालाही आपण केळीच म्हणतो, त्यामुळं हा भेद पुसट होत चाललाय. घरात अहिराणी असेल तर ळ चा य होऊन शाळेची शाया आणि डोळ्याचा डोया होतो, तसं केळंही बदलतं. त्यात काही अशुद्ध नाही.

आता पिलाचं. ‘मुनवा’ हा शब्द कोकणाकडं आणि पश्चिम महाराष्ट्रात चालतो, शेतीच्या पुस्तकांतही तोच अधिक दिसतो. विश्वकोशी मराठीत याला ‘अधश्चर’ असाही शब्द आहे. आपल्याकडं ते पील, अनेकवचन पिलं, आणि घड उतरल्यावर पिलांवर राखलेली बाग ती पिलबाग. मृगात लावलेली मृगबाग, पावसाळा सरता सरता लावलेली कांदेबाग आणि त्यांच्यामागून येणारी पिलबाग, असं सगळं वेळापत्रक या शब्दांत बांधलेलं आहे. तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचं पील लागवडीला घ्यायचं आणि रुंद पानांचं काढून टाकायचं, कारण पहिल्याचा कंद जोमदार असतो, हेही इथं लहान पोर सांगतं.

तेव्हा लेकीनं उत्तर असं लिहावं: केळीचं खरं खोड म्हणजे कंद, तो जमिनीखाली असतो, वर दिसतं ते पानांच्या बुडांचं आभासी खोड, कंदावरच्या डोळ्यांतून मुनवे म्हणजे पिलं येतात. दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले तर गुण जायचे नाहीत. आणि बाईंना एकदा बागेत बोलवा. वर्गातल्या सगळ्या पोरांना घेऊन आल्या तर आणखी बरं, कापायला पिलं भरपूर आहेत.